सजा

शारजाच्या पल्याड, वाळू आणि गॅरेजांच्या मधोमध
आमच्या वस्तीचं नाव अल सजा.
आमच्याकडे तलाठ्याची असते ती एक सजा,
आणि कोर्टात सुनावतात ती दुसरी.
ही कुठली, ते तू वर्षभरानं सांग,
परकार म्हणाला होता पहिल्याच दिवशी.

जुन्या ब्लॉकात पत्र्याची खोली, सहा बंक,
खिडकीत एक एसी, त्याला आम्ही म्हातारा म्हणायचो.
म्हातारा रात्रभर खोकायचा, थुंकायचा
रंगाच्या रिकाम्या डब्यात;
त्या पाण्यात टेकबहादूर सकाळी मोजे धुवायचा.
साडेसातला कंपनी मेन स्विच पाडायची.
रात्रपाळीवाले मग ओला टॉवेल पांघरून
तव्यावरच्या भाकरीसारखे
या कुशीवरून त्या कुशीवर.

माझं काम विचाराल तर इन्सुलेशन.
लोकांच्या व्हिलांच्या भिंतींत पिवळी लोकर भरायची,
वरून चंदेरी कागद, की ऊन बाहेरच्या बाहेर परत.
हातांना खाज घेऊन घरी यायचं
(खोलीला घर म्हणायची सवय लागते)
आणि पत्र्याला पाठ टेकायची नाही.

मग नवा ब्लॉक झाला.
सुदानी इंजिनियर बाई, नाव रिहाब,
हेल्मेटखाली ओढणी घट्ट खोचलेली,
साहेबाशी बिलाच्या भाषेत बोलली.
कळवळ्याच्या भाषेत बोलली असती
तर आम्ही अजून पत्र्यातच असतो.
पोकळ विटांची जाड भिंत, मध्ये थर्मोकोल.
तो थर मी भरला. खाज तीच.
खिडक्या उत्तरेला, पश्चिमेला आंधळी भिंत,
गच्ची पांढरीफेक,
आणि दारांपुढे लांबलचक सज्जा,
भिंतीवर सावली राहील इतका पुढे आलेला.
अर्धा ज वाढला, परकार म्हणाला,
निम्मी शिक्षा माफ.

बाहेर सेहेचाळीस, आत सव्वीस.
एसी आहे, पण मुका:
तासाला दहा मिनिटं फिरतो नि गप्प बसतो.
बाईनं भिंतीला चिकटवलेल्या डबीचा
हिरवा डोळा तेवढा जागा.

पहिल्या रात्री कुणीच झोपलं नाही.
म्हातारा नव्हता ना खोकायला.
मोफिझुल फोनवर लेकीकडून पाढे म्हणून घेत होता,
सातच्या पाढ्यात तोच चुकत होता,
सगळ्यांना ऐकू आलं.
परकारचा खोकला कळला,
जो त्यानं म्हाताऱ्याच्या खोकल्यात वर्षभर मिसळला होता.
गुलरेज उशीत तोंड खुपसून जे करत होता
ते हसणं नव्हतं.
मीही बायकोला म्हटलं, बरं आहे,
आणि ते कसं ऐकू येतं
ते पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या रात्री टेकबहादूरनं कुठूनसा
एक खडखडता टेबलफॅन आणला.
भिंतीकडे तोंड करून लावला.

महिन्यानं बाई आली, कागदावरच्या रेघा घेऊन.
बाकी खोल्यांची रेघ झोपलेल्या सापासारखी,
आमचीच रोज दहा ते बारा फणा काढते.
गरम होतं का? नाही.
मग पंखा कशाला?
ज्यानं त्यानं आपापल्या चपला पाहिल्या.
आवाजासाठी, मी म्हणालो मोडक्या हिंदीत.
ती हिरव्या डोळ्याकडे थोडा वेळ बघत राहिली.
मग शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं,
उजवीकडून डावीकडे,
आणि पंखा नेला नाही.

गुहागरला माझ्याच पैशानं कौलं उतरली,
स्लॅब पडला.
विशाखा म्हणते, दुपारी गच्चीवर पाय ठरत नाही,
खाली बाळ घामोळ्यांनी लाल.
म्हटलं, गच्चीला चुना मार, दोन हात, चांगला दाट.
ती म्हणाली, लोक म्हणतील
दुबईवाल्यानं बायकोला चुना लावला.
म्हणू देत, म्हटलं. आणि अजून एक बोललो.
पंख्याच्या खडखडाटात तिला नीट गेलं नाही.
मग तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं,
खोलीत सगळ्यांना कळेल असं.